उभं रान मोजा, आणि आमच्या माणसांच्या हातून मोजा : कर्नाटक वनखात्याला खुलं पत्र

प्रति,
माननीय प्रधान मुख्य वनसंरक्षक, कर्नाटक राज्य
माननीय उप वनसंरक्षक, बेळगाव विभाग
प्रत माहितीसाठी : राणी चन्नम्मा विद्यापीठ, बेळगाव

महोदय,

मी खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. जांबोटीच्या वरच्या अंगाला आमचं गाव. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ते माझ्या गावातल्या लोकांनीही वाचावं असं मला वाटतं. आपल्या कार्यालयासाठी कन्नड प्रत वेगळी दिली आहे.

मागणी आधीच सांगून टाकते. कणकुंबी, जांबोटी, भीमगड, नागरगाळी, लोंढा या पट्ट्यातल्या रानात कायमचे अभ्यास-प्लॉट आखा. तिथल्या प्रत्येक झाडाला क्रमांक द्या, घेर मोजा, आणि दर पाच वर्षांनी तीच झाडं पुन्हा मोजा. हे काम रानालगत राहणाऱ्या माणसांना शिकवून, रीतसर पगार देऊन, त्यांच्याकडून करून घ्या. आणि झाडांनी हवेतून घेऊन साठवलेला कार्बन या रानात किती आहे हे असं मोजून कळेपर्यंत, इथली जुनी झाडं लावलेल्या रोपांच्या बदल्यात देऊन टाकू नका.

रोपांचा मुद्दा आधी घेते, कारण माझ्या मनात तोच सलतो आहे. दरवर्षी जून-जुलैत वनमहोत्सव होतो, रोपं वाटली जातात, आकडे छापून येतात. त्याला माझा विरोध नाही. आमची मुलंही रोपं लावतात आणि उन्हाळ्यात घागरीनं पाणी घालून ती जगवतात. पण रस्ता रुंद करायचा असो, कालवा खणायचा असो की वाहिनी टाकायची असो, फाईलमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं : इतकी झाडं जातील, त्याच्या इतक्या पट लावली जातील. खानापूर-लोंढा-अनमोड रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं गेली, तेव्हाही हाच हिशेब होता. झाडाला झाड, एकाला दहा. वाचणाऱ्याला वाटतं, रान दहा पट वाढणार.

दहावीच्या मुलांबरोबर आम्ही हा हिशेब स्वतः करून पाहिला. गावामागच्या उतारावर एक मत्ती आहे. मराठी पुस्तकांत तिला ऐन म्हणतात. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे आपले गार्ड घेर घेतात त्याच उंचीवर, टेप लावली. घेर 188 सेंटिमीटर भरला, म्हणजे व्यास 60 सेंटिमीटर. उंची कोन मोजून काढली, साधारण 25 मीटर. मत्तीचं लाकूड जड असतं, त्याची घनता 0.7 धरली.

आता झाड न पाडता त्याचं वजन कसं काढायचं? जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यासाठी एक सूत्र बसवलं आहे. उष्ण कटिबंधातल्या 58 ठिकाणांवरची, प्रत्यक्ष कापून वजन केलेली 4,004 झाडं त्याच्या मागे आहेत, आणि 2014 मध्ये ते प्रसिद्ध झालं. लाकडाची घनता, व्यासाचा वर्ग आणि उंची यांचा गुणाकार करायचा, त्याचा 0.976 वा घात घ्यायचा आणि 0.0673 नं गुणायचं. कॅल्क्युलेटर असलेल्या मुलाला दोन मिनिटं लागतात. आमच्या मत्तीचं जमिनीवरचं सुकं वजन आलं सुमारे 3,250 किलो. त्यातला जवळजवळ निम्मा भाग कार्बन, प्रमाण 0.47 धरतात. म्हणजे 1,500 किलोंहून थोडा अधिक. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात हाच आकडा साडेपाच टनांच्या वर जातो.

मग त्याच सूत्रात लागवडीतलं एक कोवळं झाड घातलं. ऑस्ट्रेलियन बाभूळ, दोन-तीन वर्षं जगलेली, व्यास 5 सेंटिमीटर, उंची 4 मीटर. वजन आलं साडेतीन किलोंच्या थोडं वर.

एका मत्तीची बरोबरी करायला अशी सुमारे 890 झाडं लागतात. तीन-तीन मीटरवर लावली तर त्यांना जवळजवळ दोन एकर जमीन हवी. आणि हे सगळी जगली तर. एकाला दहा कुठे आणि एकाला 890 कुठे! मुलं वहीकडे आणि माझ्याकडे पाहत राहिली. त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, "बाई, मग फाईलमध्ये झाडं मोजतात, की झाडातलं काही मोजतात?" हा प्रश्न मी आपल्यापुढे जसाच्या तसा ठेवते. त्याचं उत्तर देणं माझं काम नाही, आपलं आहे.

कोणी म्हणेल, बाभळी भराभर वाढतात, म्हातारं झाड काही वाढत नाही. हा समज जुना आहे आणि तो खोटा ठरला आहे. जगभरच्या 403 जातींच्या झाडांवरचा एक मोठा अभ्यास 2014 मध्येच आला. बहुतेक सगळ्या जातींत झाड जितकं थोर, तितकी दरवर्षीची त्याची लाकडाची भर मोठी, असं त्यात दिसलं. कारण साधं आहे. थोर झाडाचा पर्णसंभार मोठा असतो आणि बुंध्याच्या भोवती चढणारं कडं पातळ असलं तरी त्याचा घेर अफाट असतो. जगातल्या 48 मोठ्या प्लॉटांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा कळलं, की सगळ्यांत थोर असलेल्या 1 टक्का झाडांत रानाच्या जमिनीवरच्या वजनाचा निम्मा वाटा असतो. म्हणजे शंभरातलं एक निवडून तोडलं आणि नव्व्याण्णव राखली, तर कागदावर रान जागेवरच असतं, पण आतला निम्मा साठा गेलेला असतो.

इथं साठा आणि भर या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. कणगीत आज भात किती आहे ही एक गोष्ट, आणि यंदाच्या सुगीला किती भर पडली, उंदरानं किती नेलं ही दुसरी. कणगीत एकदा डोकावून पहिली कळते. दुसरी कळायला पुन्हा पुन्हा डोकावावं लागतं. आपल्या खात्याच्या आणि भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत साठा असतो. 2023 च्या अहवालात देशभरच्या जंगलांतला कार्बन 728 कोटी टनांच्या वर दाखवला आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक मातीत आहे. तो आकडा देशासाठी उपयोगाचा आहे, 2030 पर्यंत 250 ते 300 कोटी टन कार्बन डायऑक्साइड जादा शोषायचं वचन भारतानं जगाला दिलं आहे, त्याचा हिशेब त्याच्यावरच बेततो. पण कणकुंबीच्या रानात काय चाललं आहे, झाडं वाढतात की मरतात, कोणती मरतात, हे त्यातून कळायला वाट नाही.

ते कसं कळतं, हे सांगण्यासाठी थोडी लांबची उदाहरणं देते.

पनामा कालव्यासाठी नदी अडवली तेव्हा एक टेकडी तळ्यात बेट होऊन उरली, बॅरो कोलोरॅडो. 1980 पासून तिथल्या 50 हेक्टर रानातलं 1 सेंटिमीटर जाडीपासूनचं एकूणएक झाड मोजलं जातं. दोन लाखांच्या वर खोडं, सुमारे 300 जाती, आणि दर पाच वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे 1988 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं मुदुमलैच्या पानझडी रानात तितकाच मोठा प्लॉट आखला. वणवा, हत्ती आणि दुष्काळ मिळून रान कसं बदलतात, हे तिथल्या वर्षानुवर्षांच्या नोंदींतून उलगडत आलं. आपल्याच राज्यात, कोडगूच्या सदाहरित रानात उप्पंगळ इथं पुदुच्चेरीची फ्रेंच संस्था 1990 च्या सुमारापासून झाडं मोजते आहे.

अशा मोजण्या जोडल्यावर काय दिसलं ते पाहा. आफ्रिका आणि अॅमेझॉनमधले 565 प्लॉट, कुऱ्हाड न लागलेल्या रानातले, अनेक वर्षं पुन्हा पुन्हा मोजलेले. 2020 मध्ये त्यांचा निष्कर्ष आला. उष्ण कटिबंधातली अखंड रानं हवेतला कार्बन शोषत होती. 1990 च्या दशकात माणसानं सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी 17 टक्के ती एकटी घेत होती. 2010 च्या दशकात हे प्रमाण 6 टक्क्यांवर आलं. उष्णता आणि अवर्षणानं झाडं मरण्याचं प्रमाण वाढलं होतं. आकाशातून पाहिलं तर ही रानं तेव्हाही हिरवीगार होती. फरक टेप लावून पुन्हा मोजणाऱ्या माणसांना कळला.

सह्याद्रीच्या आमच्या पट्ट्यात हेच चाललं आहे की नाही? चाललं असेल तर आधी कोणत्या जातींवर? आमच्या रानाबद्दल हे प्रश्न विचारण्याचा हक्क आम्हाला आहे, आणि उत्तर शोधायची साधनं आपल्या खात्याकडे आहेत.

आणि जागा म्हणाल, तर अशा अभ्यासाला बेळगाव जिल्ह्यासारखी जागा सापडणं कठीण. कणकुंबीला पाऊस असा कोसळतो की जून ते सप्टेंबर घरातलं सरपणसुद्धा सुकत नाही. बेळगाव शहरात तो 1,200-1,300 मिलिमीटरांवर येतो. आणखी पूर्वेला सौंदत्तीकडे जेमतेम 600. मोटारीनं दोन-तीन तासांच्या अंतरात सदाहरित रान, निमसदाहरित, दमट पानझडी, कोरडी पानझडी आणि शेवटी काटेरी झुडपं, सगळं ओळीनं लागतं. खालची जमीनही बदलत जाते : घाटमाथ्यावर जांभा, मध्ये काळ्या दगडाची लाल-काळी माती, गोकाककडे वालुकाश्म. पाऊस कमी होत गेला तर रानाचं काय होईल, हा साऱ्या जगाला पडलेला प्रश्न. आमच्याकडे त्याचं उत्तर एका सरळ रेषेत मांडून ठेवलेलं आहे. त्या रेषेवर पाच-सहा ठिकाणी एकेक हेक्टरचे प्लॉट आखले तरी दहा वर्षांत असं काही हाती येईल, की त्यासाठी बाहेरचे लोक इथं शिकायला येतील. 50 हेक्टरांचा हट्ट मी धरत नाही. लहान पण कायमचं, हे मोठं पण एकदाच केल्यापेक्षा लाख पटींनी चांगलं.

उपग्रह असताना टेप कशाला, असं मला एका अधिकाऱ्यांनी विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून निसार उपग्रह गेला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये युरोपचा खास जंगलांचं वजन पाहणारा उपग्रह गेला. त्यांचं रडार ढगांतून पाहतं, आमच्यासारख्या चार महिने ढगात असणाऱ्या भागाला हे वरदानच आहे. पण रडारला परत येणारा प्रतिध्वनी दिसतो, टनांत वजन दिसत नाही. अमुक प्रतिध्वनी म्हणजे अमुक टन, हे त्याला जमिनीवर मोजलेल्या प्लॉटांवरूनच शिकवावं लागतं. रान दाट होत गेलं की एका मर्यादेनंतर बऱ्याच रडारांना फरकही ओळखू येत नाही, आणि आमची रानं नेमकी दाट आहेत. जमिनीवरची मोजणी नसली तर आकाशातला इतका खर्च अर्धवट वाया जातो.

आता माणसांकडे येते. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

वर सांगितलेल्या सूत्रात व्यास टेपनं मिळतो आणि उंची कोनमापकानं. घनता कुठून आणायची? ती जातीवरून येते. सावरीचं लाकूड हलकं, मत्तीचं जड, अंजनीचं त्याहून जड. त्याच मापाचं झाड सावर धरलं की मत्ती, यानं उत्तर दुपटीनं बदलू शकतं. म्हणून झाडाचं नाव चुकलं तर पुढचं सगळं गणित चुकतं. आणि सदाहरित रानात नाव ओळखणं हे फार अवघड काम आहे. फुलं-फळं तीस मीटर वर, पानं शेजारच्या झाडाच्या पानांसारखीच, हाताशी फक्त बुंधा.

तो बुंधा वाचता येणारी माणसं आमच्याकडे आहेत. आमगाव, देगाव, गवाळी, तळेवाडी, पास्टोली, कोंगळा या बाजूचे कुणबी आणि गवळी-धनगर म्हातारे सालीवर कोयतीचं टोक टेकवतात, चीक पाहतात, वास घेतात आणि नाव सांगतात. कोणत्या झाडाचं फळ कोणत्या महिन्यात पडतं, कोणत्या ढोलीत धनेश बसतो, कोणतं झाड गेल्या दुष्काळात वाळलं, हे त्यांना ठाऊक आहे. नाव मराठी असेल, कन्नड असेल, कोंकणी असेल. शास्त्रीय नावाशी त्याची जोडणी करणं हे विद्यापीठातल्या आणि बेळगावच्या राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्थेतल्या वनस्पतिशास्त्रज्ञांचं काम. दोघं एका झाडाखाली उभे राहिले पाहिजेत, एवढंच. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ही पिढी राहणार नाही. त्यांची मुलं गोव्यात आणि पुण्यात कामाला आहेत, सालीवरून झाड ओळखणं त्यांना येत नाही. प्लॉट पुढेमागे केव्हाही आखता येतील, पण ही माणसं तेव्हा नसतील.

अभयारण्यातल्या गावांच्या स्थलांतराचा विषय आपल्यापुढे आहे हे मला ठाऊक आहे. भीमगड अभयारण्य 2011 च्या डिसेंबरात जाहीर झालं. त्याच्या 190 चौरस किलोमीटरांत माणसं त्याच्या आधीपासून राहत आली. आत राहणाऱ्यांचे हाल मी पाहते. पावसाळ्यात रुग्णाला डालग्यात घालून आणावं लागतं, शाळा नाही, रस्ता नाही. ज्यांना स्वतःहून बाहेर यायचं आहे त्यांना सन्मानानं, पुरेशा मोबदल्यासह येऊ द्या. ज्यांना राहायचं आहे त्यांचे 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे दावे आधी निकाली काढा. पण उद्या कार्बनची किंमत वाढली, रान राखण्याला बाजारात दर आला, की "कार्बनसाठी रान रिकामं हवं" असं कोणी म्हणू नये. ज्या रानाला आज भाव येऊ घातला आहे ते माणसं असतानाच टिकलं आहे. आमच्या देवराया पाहा. तिथली थोर झाडं कोणत्या खात्यानं राखली नाहीत. देवाच्या भीतीनं म्हणा, मायेनं म्हणा, गावानं राखली. पहिला प्लॉट एखाद्या देवराईत आखला तर गावाला आनंदच होईल, मात्र त्याआधी गावाची परवानगी घ्या, देवाला गाऱ्हाणं घाला, आणि झाडाला खिळा न ठोकता सैल तारेनं क्रमांक बांधा. इतर प्लॉटमधल्या झाडांना खिळे चालतील, देवराईत चालणार नाहीत.

धनेशाचा उल्लेख आला म्हणून सांगते. जड लाकडाच्या कितीतरी झाडांची बी मोठी असते. ती वाऱ्यावर उडत नाही, धनेश, कबुतरं, वानरं, उदमांजर यांच्या पोटातून आणि चोचीतून जाते. हे प्राणी संपले तर आजचं थोर झाड उभं दिसेल, पण त्याच्याखाली त्याचं पोर उगवणार नाही. हळूहळू हलक्या लाकडाच्या, वाऱ्यानं पसरणाऱ्या जाती वाढतील आणि रानाचा साठा उतरत जाईल. म्हणून प्लॉटमध्ये मोठी झाडं मोजताना गुडघाभर रोपंही मोजली पाहिजेत. पन्नास वर्षांनंतरचं रान तिथं आजच दिसतं. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतलं वटवाघूळ 1913 मध्ये जगाला कळलं, आणि त्याला रॉटन यांचं नाव मिळालं. रॉटन मुंबई इलाख्यात वनाधिकारी होते. आपल्या खात्यात अभ्यासाची परंपरा नवी नाही.

वणव्याबद्दल थोडक्यात. फेब्रुवारीपासून जाळरेषा काढायला आणि आग विझवायला आमचीच पोरं रोजंदारीवर असतात. आग वरवरच्या पाल्याला लागते, थोर झाडं वाचतात, म्हणून नुकसान कमी लिहिलं जातं. जातात ती पुढची झाडं, हीच गुडघाभर रोपं. जळलेल्या आणि न जळलेल्या रानात शेजारी शेजारी प्लॉट असतील तर हे नुकसान आकड्यांत दाखवता येईल, आणि वॉचरची रोजंदारी वेळेवर का द्यायची, याचं कारणही बंगळूरला पटेल.

सड्यांबद्दल मात्र हात जोडून विनंती आहे. कणकुंबी, चोर्ला, सुरला या बाजूला जांभ्याचे उघडे सडे आहेत. उन्हाळ्यात ते ओसाड दिसतात आणि कागदावर "पडीक" ठरतात. तिथं खड्डे खणून बाभळी, निलगिरी लावल्या की लागवडीचा आकडा भरतो. पण पावसात त्याच सड्यावर सीतेची आसवं, दवबिंदू, नाना तऱ्हेचे कंद फुलतात. पाणी मुरतं, खालच्या झऱ्यांना मिळतं. म्हादईचा उगम याच डोंगरांत, देगावच्या रानात, आणि मलप्रभेचा कणकुंबीत. गवताळ सड्याचा कार्बन मुळांत आणि मातीत असतो, वरून दिसत नाही, वणवा त्याला सहजी नेत नाही. खड्डा खणला की तोच आधी बाहेर पडतो. 2023 च्या ग्रीन क्रेडिट नियमांनी अवनत, म्हणजे खालावलेल्या, वनजमिनीवरच्या लागवडीला मोल आणलं आहे. म्हणून सडा म्हणजे अवनत रान नव्हे, हे आपल्या नकाशांवर आताच स्पष्ट नोंदवून घ्या. नंतर ते निस्तरणं कठीण जाईल.

पैशाचा प्रश्न निघेल. भरपाई वनीकरणाचा निधी 2016 च्या कायद्यानं राज्यांकडे येतो. तो पैसा झाडं गेल्याबद्दलच जमा झालेला असतो. त्यातला थोडा हिस्सा उरलेली झाडं मोजायला जावा, यात गैर काय? एका प्लॉटला लागतं काय : टेप, रंग, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, कोनमापक, माती काढायचा नळ, पडलेला पाला झेलायच्या जाळ्या, एक प्रशिक्षित तुकडी आणि त्यांचा पगार. पगारावर काटकसर करू नका. मोजणारा बदलत राहिला की टेप धरण्याची उंची बदलते, आणि सेंटिमीटरभराच्या फरकानं पाच वर्षांची वाढ खोटी ठरते. म्हणूनच मोजलेल्या जागी रंगाचा पट्टा काढतात आणि पुढच्या वेळी टेप त्याच पट्ट्यावर लावतात. ज्याचं घर रानाजवळ आहे तो वीस वर्षांनीही त्याच झाडापाशी असेल. शहरातून आलेला प्रकल्प सहायक दोन वर्षांत निघून जातो.

आणखी एक, आपल्या दप्तरातलं. हा जिल्हा मुंबई इलाख्यात होता तेव्हापासूनच्या कार्य आयोजना, म्हणजे रानाच्या कामाचे जुने आराखडे, खात्याकडे आहेत. रानाच्या कोणत्या तुकड्यात (कंपार्टमेंटमध्ये) कोणत्या जातीची किती झाडं, कुठे तोड झाली, कुठे राखलं, याच्या नोंदी त्यांत असतात. लोंढ्यावरून रेल्वे गेली, स्लीपरसाठी, सागासाठी रानं तुटली, कुमरी, म्हणजे रान तोडून-जाळून करायची फिरती शेती, बंद झाली, आणि आज आपण ज्याला मूळ रान समजतो त्यातलं पुष्कळ त्यानंतर पुन्हा उभं राहिलेलं आहे. पुन्हा उभं राहिलेलं रान किती वर्षांत किती साठा धरतं, हा आज जगातल्या सगळ्या संशोधकांना हवा असलेला आकडा आहे. आपल्या कपाटांत त्याची अर्धी बाजू पडून आहे. ती कागदपत्रं वाळवीच्या आधी स्कॅन करा आणि विद्यापीठाला खुली करा.

मोजलेले आकडे गावाला कळले पाहिजेत. वर्षातून एकदा ग्रामसभेत, कन्नडमध्ये आणि मराठीत, एका फलकावर : प्लॉटमध्ये झाडं किती, मेली किती, नवी आली किती, साठा वाढला की घटला. इंग्रजीत छापलेला अहवाल बंगळूरला राहतो. रानात पहाटे पाणी आणायला जाणाऱ्या बाईला तिच्या मागच्या उतारावर किती टन कार्बन उभा आहे हे कळू द्या. उद्या कोणी सही मागायला आलं तर ती काय देऊन टाकते आहे हे तिला माहीत असेल.

आपल्याला हे पटलं तर सुरुवात अवघड नाही. पावसानंतर वाटा मोकळ्या होतात, दिवाळी झाली की भात कापून होतं, लोक रिकामे असतात, आणि वणव्याला अजून तीन महिने असतात. नोव्हेंबर ते जानेवारी हा मोजणीचा काळ. जांबोटी आणि कणकुंबीच्या वनक्षेत्रपालांनी (आरएफओ) एकदा गावात बैठक घ्यावी, विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्राच्या कोणालातरी बरोबर आणावं. झाडं ओळखणारे कोण कोण आहेत, कोणाला अजून रानात चालवतं, कोणत्या देवराईचे गावकार तयार होतील, याची यादी आम्ही शिक्षकांनी करायला घेतली आहे. बैठकीची तारीख ग्रामपंचायतीला पंधरा दिवस आधी कळवावी, म्हणजे आतल्या वाड्यांपर्यंत निरोप पोचतो. तिथं मोबाईलला रेंज नाही.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक विज्ञान शिक्षिका